नारळ उचलणारा रोबो

सत्काराचा नारळ दिसला की हल्ली मला शिसारी येते. खायच्या नारळाशी भांडण नाही. आम्ही कोकणातले, ते परवडायचंही नाही. पण शालीवर बसवून, ताटातून मिरवत पाहुण्यांपुढे नेतात तो नारळ आता बघवत नाही.

मी मरोळच्या एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासते. अंधेरीतल्या ज्या मराठी शाळेत मी शिकले, तिथे रोबोटिक्सची प्रयोगशाळा निघणार होती. मला विज्ञान शिकवणाऱ्या बाई आता तिथे मुख्याध्यापिका आहेत. त्यांचा फोन आला, "दोन कंपन्यांनी नमुन्याचे संच दिलेत. मुलींना कुठला घ्यावा, ते तू सांग." मी शनिवारी दुपारी जायला लागले. तपासताना आठवीतल्या मुली सोबत हव्यात, एवढीच माझी अट होती.

पहिला संच म्हणजे गुळगुळीत पांढऱ्या प्लास्टिकचा बंद रोबो. निळे डोळे मिचकावायचा, मोबाइलवर बोट ठेवलं की चालायचा, वर नमस्कारही म्हणायचा. बिघडला तर काय करायचं, हे बघायला पुस्तिका उघडली, तर एकच उत्तर: कंपनीशी संपर्क साधा. पोटावरच्या स्क्रूवर स्टिकर होता. तो फाटला की वॉरंटी गेली. शिकायची वस्तू अशी शिवून विकणाऱ्यांची मला मनापासून किळस येते.

दुसरा दिसायला अगदीच भिकार. उघडा बोर्ड, लोंबणाऱ्या वायरी, आणि स्क्रू इतके मऊ की पेचकस जरा जोरात फिरवला की खाच गेलीच. असा माल विकतानाही लाज वाटायला हवी. त्यात साध्या फरशीवर सरळ सोडला तरी तो डावीकडे ओढायचा. मी काही सुचवायच्या आत दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, "ताई, मोटारी अदलाबदल करून बघू?"

"कशाला गं?"

"आता उजवीकडे गेला तर मोटारच खराब. तरीपण डावीकडेच गेला ना, तर बोर्डाची वाट लागलीय."

रोबो उजवीकडे गेला. मुलींनी असा गलका केला की शेजारच्या वर्गातून शिपाईमावशी बघायला आल्या. मला तिथेच उत्तर मिळालं होतं. स्क्रू बदलून घ्या, पण संच हाच घ्या, असं मी बाईंना सांगितलं.

मग विश्वस्तांची बैठक झाली. मी मोटारीची हकीकत सांगायला लागले, तर अध्यक्षांनी मध्येच विचारलं, "ते ठीक आहे हो मॅडम, पण नारळ कुठला उचलतो?"

उद्घाटनाला पाहुण्यांचा सत्कार रोबोच्या हातून करायचा बेत होता. पांढऱ्या रोबोच्या कंपनीचा माणूस तयारीनेच आला होता. त्याने रोबोच्या पुढच्या ताटात एक मुठीएवढा नारळ ठेवला, आणि तो रोबो नारळ घेऊन टेबलभर फिरला. टाळ्या पडल्या. "हा मुलींना उघडताच येणार नाही, मग त्या शिकणार काय?" मी विचारलं. अध्यक्ष हसले. "अहो, पोरी मोडूनच ठेवतील. त्यापेक्षा बंद आहे ते झकास आहे."

जिन्यात बाई हळूच म्हणाल्या, "रागावू नकोस. शाळेत मुलं येईनाशी झालीत. पेपरात फोटो आला तर चार पालक तरी फिरकतील." पुढच्या आठवड्यात पांढऱ्या रोबोंची ऑर्डर गेली.

उद्घाटनाला रोबोच्या कपाळी हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. ताटात चांगला मोठा शेंडीचा नारळ, त्याखाली घडी केलेली शाल, वर पुष्पगुच्छ. रोबो जेमतेम वीतभर गेला आणि थांबला. चाकं नुसती घरघरत होती. निळे डोळे मिचकावत तो नमस्कार, नमस्कार करत राहिला.

मुलींच्या रांगेतून तीच मुलगी उठली. "सर, पुढे वजन जास्त झालंय, मागची चाकं उचलली जातायत. नारळ मागे घ्या ना."

"ए, हात लावायचा नाही! खाली बस," अध्यक्ष ओरडले. ती बसली. त्यांनी स्वतः ताटातला नारळ उचलून पाहुण्यांच्या हातात दिला, फोटोसाठी दोघं वाकून रोबोशेजारी उभे राहिले, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझ्या बाईही होत्या.

आता ते रोबो काचेच्या कपाटात आहेत. पाहुणे आले की बाहेर निघतात. मुलींनी रांगेने काचेसमोरून जायचं, बोट लावायचं नाही.

परवा शाळेच्या फाटकाशी ती मुलगी भेटली. "ताई, आपलं ते उघडंवालं कुठे गेलं?"

"कंपनीने परत नेलं गं."

तिने दप्तरातून कंपासपेटी काढली. कर्कटकाच्या खाचेत खाच गेलेला एक बारका स्क्रू होता. "मोटार बसवताना मी दुसरा लावला होता, हा माझ्याकडेच राहिला. द्यायचा का परत?"

"नको," मी म्हणाले. "ठेव तुझ्याकडे."