प्रेझेन्सचं अनेकवचन

बी.ए. झाल्यावर धड नोकरी मिळेपर्यंत मी कोपरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला जायचे. लग्नसराईत लग्नपत्रिकांचा नुसता ढीग. नव्वदच्या सुमाराला एक नवी टूम निघाली होती. पत्रिकेची एक बाजू मराठीत, दुसरी इंग्रजीत. इंग्रजी बाजू वाचणारे मोजकेच, पण ती नसली तर पत्रिका साधी दिसते म्हणायचे.

एक दिवस साखर कारखान्यातले एक हेडक्लार्क थोरल्या मुलीच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आले. मराठी बाजूला शेवटी ठळक लिहिलं होतं, 'कृपया आहेर आणू नये.' आणि इंग्रजी बाजूला, वळणदार अक्षरात, 'युवर प्रेझेंट्स आर रिक्वेस्टेड.'

"काका, इथं प्रेझेन्स पाहिजे," मी म्हटलं. "प्रेझेन्स म्हणजे उपस्थिती. प्रेझेंट्स म्हणजे भेटवस्तू होतात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शाळेत हजेरीला काय म्हणायचीस?"

"प्रेझेंट."

"म्हणजे हजर. एक माणूस हजर असला तर प्रेझेंट, चारशे असले तर प्रेझेंट्स. एस लावला की अनेकवचन."

"पण काका..."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी इंग्रजीत पत्रं लिहितोय."

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "त्यांनी लिवलंय तसंच छापायचं. गिऱ्हाईक हाय."

डिक्शनरी माझ्याच खणात होती. काढून दाखवायला एक मिनिट लागलं नसतं. पण 'पोरी' मला झोंबलं होतं. मी मुकाट्याने मूळ कागदावर त्यांची सही घेतली. प्रूफ ते घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी 'ओके' लिहून परत आणलं. पत्रिका छापून निघाल्या तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, आनंदच झाला.

लग्नाला मालकांबरोबर मीही गेले. खेड्यातले पाहुणे मराठी बाजू वाचून हात हलवत आले होते. कारखान्यातले साहेब, बँकवाले आणि कॉलेजातले प्राध्यापक मात्र चकचकीत कागदात गुंडाळलेली खोकी घेऊन रांगेत उभे. नवरीचा मामा माईकवरून ओरडत होता, "आहेर घेतला जाणार न्हाई!" तेव्हा एका बँकवाल्याने खिशातून पत्रिका काढून त्याच्यापुढे धरली. "अहो, तुम्हीच तर मागितलेत!"

मग खोकी घ्यावी लागली. ती घेताना बघून नवरीची आत्या भडकली. "सायबांचा आहेर चालतो, अन् आमचाच चालत न्हाई व्हय?" ती तशीच बाजारात गेली आणि स्टीलचा भला मोठा डबा घेऊन आली. तिच्यामागोमाग आणखी चौघी गेल्या. हेडक्लार्क घाम पुसत गर्दीत कोणाला तरी शोधत होते. मी पानातल्या बुंदीकडे एकाग्र झाले.

चार दिवसांनी ते छापखान्यात आले. मालकांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं. मी सहीचा कागद काढला आणि या वेळी डिक्शनरीही. त्यांनी दोन्ही शब्दांखाली बोट ठेवून अर्थ वाचले, परत वाचले.

"मग प्रेझेन्सचं अनेकवचन काय?"

"इथं नाही करत, काका. चारशे माणसं आली तरी प्रेझेन्स एकच."

"ही काय भाषा झाली?" असं म्हणून ते एकदम हसायला लागले. मालकांनी घाईघाईने चहा सांगितला.

त्यांची मुलगी मला दिवाळीत एस.टी. स्टँडवर भेटली, माहेरी निघालेली. पत्रिकेचा विषय निघाला आणि मी चाचरत म्हटलं, "माझंच चुकलं. मी जोर लावून सांगायला हवं होतं."

"छे! अप्पांनी प्रूफ घरी आणलं ना, ते मीच तपासून दिलं होतं."

"मग तुम्हाला चूक दिसली नाही?"

"दिसली की." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण सासरी मिक्सर नव्हता."