हसत मरणारा सैनिक

गोष्ट ऐकणाऱ्या मुलांची शांतता निराळीच असते. बाहेर महामार्गावर कंटेनरचे भोंगे वाजत असतात, खिडक्यांची तावदानं थरथरत असतात आणि त्या कल्लोळाच्या मधोमध सहावीचा अख्खा वर्ग श्वास धरून बसलेला असतो. निवृत्तीनंतर दर शनिवारी खालापूरजवळच्या एका शाळेत मी गोष्टी वाचून दाखवायला जात असे, ती या शांततेच्या लोभानेच.

या हिवाळ्यात मी युद्धाची गोष्ट निवडली. वेढा पडलेल्या गावातली एक मुलगी धाकट्या भावाचं बोट धरून घर सोडते, दाराला कुलूप लावते आणि किल्ली कुणाजवळ ठेवावी हेच तिला उमगत नाही. तोफा कुठेतरी दूर, डोंगराआड. गोष्ट अर्ध्यावर आली तेव्हा सायलीनं हात वर केला. तिचा मामा सैन्यात आहे.

"बाई, त्या पोरीचा मामा पण लढायला गेला असंल का?"

"असेल की."

"मंग त्यो आमच्या मामासारकाच," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. "पालकांची तक्रार आहे, बाई. इतकं उदास काही वाचू नका. हे वाचा." त्यांनी पुढे केलेल्या गुळगुळीत, रंगीत पुस्तकातला सैनिक छातीवर गोळी झेलून हसत हसत मरत होता. त्याचं रक्त गुलालासारखं सुबक होतं, त्याच्या आईच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता आणि शत्रूला तर चेहराच नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बालमनाच्या कोवळेपणाची एवढी चिंता? जेवता जेवता मोबाइलवर कोसळत्या इमारती पाहणाऱ्या, खेळातल्या बंदुकीनं माणसं टिपणाऱ्या या मुलांना कुलूप लावणारी एक मुलगी तेवढी सोसणार नाही? मृत्यूला असा नटवून, वेदनाहीन करून त्यांच्या हाती देणं हा संस्कार, आणि त्याची खरी किंमत सांगणं हा अत्याचार? मुलं घाबरतील ही भीती नव्हतीच कुणाला. मुलं विचारतील, ही होती.

"हे मी वाचणार नाही," मी म्हटलं.

"मग शनिवारी येण्याची तसदी घेऊ नका," ते शांतपणे म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सायलीचा मामा रजेवर आला. शाळेनं त्याचा सत्कार ठेवला. मीही गावकऱ्यांत जाऊन बसले. उंच, सावळा, बोलायला संकोचणारा तरुण. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं विचारलं, "तुमी किती जणांना मारलं?" सगळे हसले. तो हसला नाही.

"आमच्या चौकीच्या समोर, पलीकडं, एक गाव हाय," तो म्हणाला. "तितल्या शाळेची घंटा रोज सकाळी आमाला ऐकू यायची. बरं वाटायचं. मंग गोळीबार सुरू झाला, दोनी बाजूंनी. घंटा वाजायची थांबली."

त्याला आणखी काही सांगायचं होतं. पण मुख्याध्यापकांनी लगबगीनं माइक घेतला आणि टाळ्यांचा कडकडाट करवला. जे ऐकायचं नसतं ते बुडवायला टाळ्यांइतकं सभ्य साधन दुसरं कुठलं?

पुष्पगुच्छ द्यायला सायली पुढे झाली. टाळ्या ओसरल्या होत्या, म्हणून तिचं बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"मामा, मंग ती पोरं कुटं गेली रं?"

"नाय म्हाईत गं," तो म्हणाला. "आमी कुणी इचारलंच नाय."

सत्कारानंतरच्या शनिवारी दुपारी मुलं थेट माझ्या घरी आली. सायलीच घेऊन आली होती त्यांना. मी सतरंजी अंथरली, अर्धवट राहिलेली गोष्ट काढली. त्यांना सोडायला आलेला मामा दाराबाहेरच उभा होता.

"आत या ना," मी म्हटलं.

"वाचा तुमी," तो म्हणाला. "हितनं ऐकू येतंय."