चार बोल्ट, नऊ महिन्यांची मुदत

हँगरमध्ये त्यांना सगळे काका म्हणत. वय सत्तावन्न, त्यातली एकतीस वर्षं हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात गेलेली. बोलायला तिखट, कामाला चोख. कुठे तेलाचा डाग दिसला की दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

एका सोमवारी त्यांनी तीन नंबरच्या हेलिकॉप्टरचा तेलाचा फिल्टर बदलायला काढला. हे हेलिकॉप्टर समुद्रातल्या तेलविहिरीवर माणसांची ने-आण करी. वरचा पंखा फिरवणाऱ्या गिअरबॉक्सला फिल्टरचा डबा चार बोल्टांनी जोडलेला. तिसरा बोल्ट काढताना पाना हाताला सैल लागला. काकांनी बोल्ट उजेडात धरला. आटे झिजून गुळगुळीत झाले होते.

हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र आलेलं होतंच: हे बोल्ट कमजोर निघालेत, नऊ महिन्यांच्या आत पोलादी बसवा. पत्राला पाच महिने झाले होते. काका बोल्ट मुठीत घेऊन साहेबांकडे गेले.

"साहेब, हे मशीन उभं करा. हा तुटला तर सगळं तेल बाहेर."

"काका, नवे बोल्ट मागवलेत. मुदत अजून चार महिने आहे. आणि तेलाशिवाय गिअरबॉक्स अर्धा तास चालतो, पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिहिणारा त्यात बसणार आहे का?"

साहेब हसले आणि फोन उचलला. शेवटी जुन्यातलाच एक बरा बोल्ट लावायचं ठरलं. काकांनी सही करायला नकार दिला, तर दुसऱ्या पाळीच्या मिस्त्रीने केली. काकांना हल्ली सगळीकडे भुतं दिसतात, अशी कुजबुज झाली.

काकांचा जीव वेगळ्याच गोष्टीने टांगणीला लागला होता. बुधवारी ते मशीन त्यांचे जावई उडवणार होते. लेकीला सातवा महिना, म्हणून घरात बोलायची सोय नव्हती. मंगळवारी जावई घरी आले तेव्हा काकांनी त्यांना जिन्यात गाठलं.

"जावईबापू, उद्या रजा टाका."

"बाबा, मी नाही गेलो तर दुसरा जाईल. त्यालाही घरदार आहे. कागद पुरे आहेत, नाही म्हणू कशाच्या जोरावर?"

काकांनी त्यांचा दंड धरला. "मग एवढं ऐका. तेलाच्या दाबाचा काटा पडला तर त्या अर्ध्या तासावर विसंबू नका. घराकडे वळू नका. जिथे असाल तिथे उतरवा. पाण्यात तर पाण्यात."

"पाण्यात?"

"भिजलेला माणूस वाळतो."

बुधवारी सकाळी काका कारण नसताना रेडिओच्या खोलीत जाऊन उभे राहिले. पावणेअकराला आवाज आला, "तेलाचा दाब शून्य." रेडिओवरचा माणूस म्हणाला, "मागे फिरा, किनारा अठरा मिनिटांवर आहे."  जावयांचा आवाज, "नाही. खाली उतरतोय." पुढे नुसती खरखर. काकांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि पन्नास मिनिटं सोडली नाही.

मशीन पाण्यावर उतरलं; त्यातल्या नऊ जणांपैकी आठ परत आले. जावयांचा हात मोडला होता. तेलविहिरीवरचा स्वयंपाकी मात्र दारातून बाहेर पडताना लाटेत गेला आणि सापडला नाही. गिअरबॉक्स समुद्रातून वर काढला तेव्हा फिल्टरचा बोल्ट तुटलेला होता आणि आतल्या चाकांचे दाते जळून निळे पडले होते. आणखी पाच मिनिटंही तो तगला नसता, असं तपासणाऱ्यांनी सांगितलं.

चार दिवसांनी काका स्वयंपाक्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "तुमच्या माणसाला तुम्ही सांगितलंत. आमच्या माणसाला कुणी सांगायचं होतं?"

काका चपला घालून बाहेर पडले. आपण त्या मशीनसमोर आडवे का पडलो नाही, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना.

त्याच आठवड्यात कारखान्याचं नवं पत्र आलं: पुढच्या उड्डाणाआधी बोल्ट बदला. पोलादी बोल्टांचं खोकंही त्याच दिवशी पाठोपाठ आलं. काकांनी पाच नंबरचं हेलिकॉप्टर उघडलं. त्यातल्या दोन बोल्टांचे आटे पार गेले होते, आणि ते मशीन त्याच सकाळी, पत्र हाती पडण्याआधी, बारा माणसांना तेलविहिरीवर सोडून आलं होतं.