सीमेपलीकडची चक्कर

गाय कोणत्या राज्यात उभी आहे हे ठरल्याशिवाय तिच्या शेपटीलाही हात न लावणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा आहे. अकोल्याला त्यांचा गुरांचा दवाखाना. साधारण माणूस देवाला भितो, पोलिसाला भितो, फार तर बायकोला. साडभाऊ पशुवैद्यांच्या आचारसंहितेला भितात. भितात म्हणणंही अन्यायाचं होईल, तिच्यावर त्यांचं प्रेम आहे. आमची मेव्हणी तिला सरळ ‘माझी सवत’ म्हणते.

डॉक्टरनं स्वतःची जाहिरात करू नये, म्हणून पेंटरनं हौसेनं काढलेली गाय, कुत्रा आणि कोंबडा त्यांनी पाटीवरून पुसून घेतले. मग अक्षरंही बारीक करून घेतली. आता नवखा माणूस म्हैस घेऊन आधी शेजारच्या पीठगिरणीत शिरतो. दुसऱ्या डॉक्टरच्या पेशंटला परस्पर हात लावायचा नाही, हे दुसरं व्रत. एकदा ते परगावी असताना घरचं मांजर आजारी पडलं आणि मेव्हणीनं ते गल्लीतल्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं. झालं! साडभाऊ परत आले ते मांजर मांडीवर घेऊन त्याच डॉक्टरच्या बाकावर नंबर लावून बसले. मेव्हणी म्हणाली, “अवो, औषध तं तुमच्या कपाटात हाय!” तर म्हणतात, “औषध माह्यं हाय, पन पेशंट त्याईचा हाय.” कुणी एखाद्या डॉक्टरबद्दल वाकडं बोलू लागलं की हे लगेच पंख्याकडे पाहू लागतात. अमरावतीला आमच्या मुलीच्या लग्नात पंक्तीत कुणीतरी असा विषय काढला, तेव्हा त्यांनी अख्खी जिलबी वर पाहत चाचपून खाल्ली होती.

पण खरा कळस सीमेवर. त्यांची धाकटी बहीण मध्य प्रदेशात दिलेली, बैतूलकडच्या एका संत्र्याच्या गावात. साडभाऊंचं नाव महाराष्ट्राच्या रजिस्टरात, म्हणून घाट चढण्याआधी परतवाड्याच्या एका पानठेल्यावर ते आपली औषधांची बॅग ठेवून देतात. “तिकडं मी डॉक्टर नाई, नुसता पाहुना,” हे वाक्य ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की पानठेलेवालासुद्धा मान डोलावतो.

चार-पाच वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी त्यांच्याबरोबर त्या गावी गेलो होतो. पानं वाढली होती, आंबील झाली होती, आणि गोठ्यातून ओरडा आला. बहिणीची चांदी गाय, वासरापासून तिनं वाढवलेली, पोट ढोलासारखं फुगून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा. बहीण धावत आली.

“दादा, तू पाह्य नं! कावून उभा हायेस?”

“इथल्या डॉक्टरले बलाव, बाई. मी इथं पाहुना आहो.”

सासरच्या इतक्या माणसांदेखत सख्ख्या भावानं असं म्हणावं! तिचा चेहरा पडलेला मला पाहवेना. तेवढ्यात तिच्या दिरानं मोटरसायकलवर तिथला डॉक्टर आणलाच. पोरगा नुकताच कॉलेजातून निघालेला, घामानं थबथबलेला. त्यानं पोट ठोकून पाहिलं, पोटफुगी म्हणाला आणि तेलाची बाटली भरली. साडभाऊ माझ्या शेजारी एकदम ताठ झाले. “डॉक्टरसाहेब, एक मिनिट,” ते म्हणाले. पोरगा वळला नाही. पुन्हा म्हणाले. “अंकल, आप ज़रा पीछे रहिए,” त्यानं सांगितलं आणि गाईचं तोंड वर केलं.

तेव्हा माझे साडभाऊ, ज्यांनी आयुष्यात शाळेच्या नाटकात झाडाचंही काम केलं नाही, कपाळाला हात लावून “आई गं!” म्हणाले आणि सरळ शेणात बसले. बाटली तशीच राहिली. डॉक्टर धावला, एका बाजूनं त्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आम्ही त्यांना कडब्याच्या गंजीमागे नेलं. तिथं पोहोचताच ते खडखडीत बरे झाले.

“तेल पाजू नोका,” ते कुजबुजले, “फुप्फुसात जाईन. मानेच्या डाव्या बाजूले गाठ हाय, संत्रं अडकलं. भायेरून हळूहळू वरतं सरकवा, मंग हात घाला. अन् मी काई बोल्लो नाई.”

पोरगा पांढरा पडला. मग परत गेला, मान चाचपली, दाबत दाबत गाठ वर आणली आणि गोठ्यात जमलेल्या सगळ्यांसमोर गाईच्या घशातून एक हिरवं संत्रं काढून दाखवलं. गाईनं असा काही ढेकर दिला की वासरं दचकली. पोराचा जयजयकार झाला. आणि बहीण भावाकडे वळून म्हणाली, “पाह्य! कालचं पोरगं गाय वाचवते, अन् तुले गाय पाहून चक्कर येते!” सगळे हसले. साडभाऊसुद्धा हसले, धोतराचं शेण झटकत.

त्या पोरानं नंतर दोनदा खरं सांगायचं म्हटलं. यांनीच त्याला गप्प केलं. मी चिडलो, निदान बहिणीला तरी सांगा म्हणालो. “अन् मंग गावात त्याची पत काय राह्यीन?” ते म्हणाले. “जनावराच्या मालकासमोर दुसऱ्या डॉक्टरची चूक काढाची नाई. मी तं दोन घास खाऊन परत जातो. थ्या पोराले तिथंच रायचं हाय.” तेव्हापासून हा किस्सा बहिणीच्या घरात दरेक कार्यात निघतो. मला मात्र या माणसाचा अतोनात अभिमान वाटतो आणि तो कुणापुढे बोलूनही दाखवता येत नाही.

यंदा महालक्ष्म्यांना पुन्हा गेलो. नव्या जावयाला किस्सा सांगून झाला, हसणं झालं. निघताना बहिणीनं गाडीशी येऊन भावाच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. दर वर्षी देते, अशक्तपणासाठी म्हणून. मग इकडे-तिकडे पाहत हळूच म्हणाली, “दादा, मी सगळ्याईत हासतो, पन मले तुही लय काळजी वाटते रे. एकडाव चांगल्या डॉक्टरले दाखव नं.”

तिचे डोळे भरले होते. साडभाऊंनी डबा गाडीत ठेवला. वाटलं, आता सांगतील. मीही मनात म्हणालो, सांगा हो, एवढ्या एका माणसाला सांगा. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“दाखवतो, बाई,” ते म्हणाले.