झारी विझली, असं मी म्हणालो

गाडी चालू करण्यापूर्वी तिची जितकी चौकशी आमचे थोरले साडू करत, तितकी ग्वाल्हेरमध्ये कुणी दवाखान्यात पडलेल्या सख्ख्या माणसाचीही केली नसेल. गाडी म्हणाल तर छोटी, पांढरी, चार दारांची. पाच माणसं बसली की पाचव्याचा एक गुडघा चौथ्याच्या मालकीचा होई. तशा गाड्या नया बाज़ारात एका वेळी चाळीस उभ्या असतात. पण त्या चाळीस मालकांपैकी एकानेही गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडलेलं नसेल. आमच्या साडूंनी ते तीनदा वाचलं होतं, समासात पेन्सिलीने टिपणं काढत. त्यात एका जागी दोन आकृत्यांची अदलाबदल झाली आहे असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी कंपनीला पत्रही घातलं. उत्तर आलं नाही. "अजून तपासत असतील," असं ते बरीच वर्षं म्हणत. सगळी नोकरी त्यांनी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत केलेली. तिथली कपाटं, किल्ल्या आणि काट्याची उपकरणं सुटली तेव्हा त्यांना ही गाडी मिळाली, आणि त्यांनी तिलाच प्रयोगशाळा करून टाकलं.

आधी कुलपांचं सांगतो. किल्लीवर एक बटण होतं. ते दाबलं की चारही दारं खटकन बंद होत आणि दिवे एकदा लुकलुकत. एवढ्यावर सगळं जग समाधानी असतं. साडू नसत. "दारं लागली हे बटणाने सांगितलं. दारांना कुणी विचारलं?" असं म्हणून ते गाडीभोवती उजवीकडून फिरत, प्रत्येक दाराची मूठ दोनदा ओढत, डिकीवर तळहात दाबत, आणि दहा पावलं पुढे गेल्यावर परत येऊन ड्रायव्हरचं दार आणखी एकदा बघत. लष्कर भागातल्या एका पार्किंगवाल्याने मला हळूच विचारलं होतं, "बाबूजी, ये साहब कोई मन्नत माने हैं क्या?" शिवाय मागच्या दोन दारांना लहान मुलांसाठी जे कुलूप असतं, दार आतून उघडू न देणारं, ते त्यांनी कायमचं लावून ठेवलं होतं. घरात लहान मूल कुणी नव्हतं. "मागून टेम्पो येतो आणि माणूस दार उघडतो. त्या क्षणी माणसाचं वय चारच असतं," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे मागे बसलेल्याला, मग तो सत्तरीचा का असेना, साडू उतरून, आपलं दार लावून, वळसा घालून येईपर्यंत काचेआड बसून राहावं लागे. एका लग्नाला त्यांनी नवरदेवाच्या आत्याबाईंना कार्यालयापर्यंत आणलं, गाडी सावलीत लावली, कॉलेजातले जुने सहकारी भेटले म्हणून बोलत बोलत उतरले, प्रदक्षिणा पूर्ण केली आणि आत गेले. अर्ध्या तासाने आत्याबाईंची शोधाशोध सुरू झाली. साडू प्रामाणिकपणे म्हणाले, "मी मूठ ओढली तेव्हा त्या हात हलवत होत्या. मला वाटलं, पुढे व्हा म्हणतायत."

घड्याळाची गोष्ट जरा नाजूक आहे, कारण तिच्यात ताई येतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांची पत्नी. ताई तयार होऊन फाटकापर्यंत येत आणि मग गॅस बंद केला का हे बघायला आत जात. तेवढ्यासाठी साडूंनी गाडीतलं घड्याळ पाच मिनिटं पुढे लावलं. ताईंना कळलं, त्या पाच वजा करू लागल्या. साडूंनी नऊ केली. ताईंनी नऊ वजा केली. शेवटी साडू दर सोमवारी पेनाच्या टोकाने ते बारीक बटण दाबून फरक बदलू लागले, आणि या आठवड्यात किती हे ते कुणालाही सांगत नसत. मी एकदा म्हणालो, "अहो, मग घड्याळ हवंच कशाला?" ते म्हणाले, "घड्याळ चुकीचं नाही. खाजगी आहे."

पण त्यांचा खरा जीव दिव्यांत. किल्ली फिरवली की समोर सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. आपण तेवढ्यात गिअर टाकून रस्त्यावर आलेलो असतो. साडू दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबत. प्रत्येक दिव्याला त्यांनी नाव दिलं होतं. इंजिनाचं पिवळं चित्र ते कासव. पोटाशी फुगा धरून बसलेला माणूस, म्हणजे एअरबॅगचा दिवा, तो फुगेवाला. हँडब्रेकचा दिवा हवालदार, आणि तेलाचा लाल दिवा झारी. मग हजेरी सुरू होई: "कासव गेलं. फुगेवाला गेला. हवालदार, निघा. झारी." झारी विझल्याचं पाहिल्यावरच त्यांचा हात गिअरकडे जाई. "पिवळा दिवा सल्ला देतो, लाल दिवा हुकूम देतो," ते सांगत. "झारी विझली नाही तर गाडी बोटभर हलवायची नाही." घरच्या समारंभांत या हजेरीची नक्कल मी करत असे. मांडीवर हात ठेवून बसलो की हशा सुरू व्हायचा. स्वतःची स्तुती नाही, पण मी ती फार छान करत असे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. या गोष्टीला नऊ वर्षं झाली.

माझ्या नातीसाठी भोपाळचं एक स्थळ आलं होतं. मुलाचे आईवडील दुपारच्या गाडीने येणार होते आणि त्यांना स्टेशनवरून आणायला मी साडूंची गाडी मागितली. नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. गाडी दीड महिना जागची हलली नव्हती. "तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो," ते म्हणाले. "या चष्म्यातून दिवे दिसत नाहीत. मी विचारेन, तुम्ही बघून सांगा."

मी किल्ली फिरवली. गाडीतल्या घड्याळात बघतो तर ट्रेन यायला पाचच मिनिटं. मुलीकडचे आपण, आणि पाहुणे फलाटावर उभे राहणार. शेजारी साडू शांतपणे विचारत होते.

"कासव?"

"गेलं."

"फुगेवाला?"

"गेला. हवालदारही गेला. निघू या?"

"झारी?"

झारी लालभडक जळत होती. मी म्हणालो, "विझली."

स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी यायला वेळ होता. मी घड्याळाबद्दल विचारलं तर साडू म्हणाले, "या आठवड्यात तेवीस मिनिटं पुढे आहे. तुम्ही विचारलं नाहीत." आम्ही चहा घेतला. तेव्हा सांगता आलं असतं. स्टेशनबाहेर तेलाचा डबा मिळाला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. मी सामोसे घेतले.

पाहुणे आले, मागे बसले. मी गाडी सुरू केली आणि साडूंनी पुन्हा हजेरी घेतली. होणाऱ्या विहीणबाईंनी कुतूहलाने विचारलं, "झारी काय असते?" साडूंनी मागे वळून त्यांना तेलाचं महत्त्व समजावलं आणि अभिमानाने म्हणाले, "यांच्या हाती गाडी दिली, कारण हे बघून सांगतात." मग मला विचारलं, "झारी?" पहिल्यांदा मी घाईत खोटं बोललो होतो. या खेपेला घाई नव्हती. पाहुण्यांना सामानासकट उतरवून ऑटो बघावा लागेल, याची लाज होती. मी म्हणालो, "विझली."

पडावचा पूल उतरलो आणि इंजिन खडखडू लागलं. फूलबागेपाशी एक मोठा आवाज झाला, जळका वास आला आणि गाडी भर रस्त्यात बसली. मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. मागे विहीणबाई दाराची मूठ ओढत होत्या आणि दार अर्थातच उघडत नव्हतं. साडू उतरले, चाचपडत वळसा घालून गेले, आणि दार उघडून म्हणाले, "या. सावकाश. आधी डावा पाय."

समोरच्या दुकानातला मिस्त्री आला. त्याने तेल मोजायची पट्टी ओढून काढली आणि आम्हाला दाखवली. कोरडी, तेल गळून गेलेलं. "तेल तो सारा चू गया, बाबूजी. खड़ी-खड़ी गाड़ी में चू गया. पर बत्ती तो जली होगी. किसी ने देखी नहीं?"

पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चालवत होतो ना. तेवढ्यात साडू म्हणाले, "बत्ती देखना मेरा काम है. मैंने देखी थी. मुझसे चूक हुई." हजेरी कानांनी ऐकलेल्या पाहुण्यांनीही मग त्यांचंच खरं धरलं. काळ्या चष्म्यामागून साडू माझ्याकडे बघत होते की मिस्त्रीकडे, मला आजही सांगता येत नाही.

लग्न ठरलं. साखरपुडा झाला की सांगू, असं मी ठरवलं. मग लग्न होऊ दे म्हटलं. तोवर साडूंचा मुलगा पुण्याहून येऊन गेला. इंजिन जाम झालेलं, वडिलांचे डोळे असे, आणि चूक त्यांनी स्वतःच कबूल केलेली. तो काळजीनेच म्हणाला, "बाबा, अब बस. आज गाडी गेली, उद्या काही झालं तर?" गाडी विकली गेली तेव्हा मी त्या खोलीत होतो. साडूंनी खरेदीदाराला ते पुस्तकही दिलं, समासातल्या टिपणांसकट. दोन वर्षांनी त्यांच्या लायसन्सची मुदत संपली. डोळे तोवर उत्तम होते, डॉक्टरने लिहूनही दिलं होतं, पण घरात सगळे म्हणाले की आता कशाला, आणि नवं करून घ्यायचं राहून गेलं. माझ्या नकलेला मात्र एक नवा शेवट मिळाला होता. सगळे दिवे मोजायचे, आणि फूलबागेत इंजिन जाळायचं. तो शेवट मी रचला नव्हता, दुसऱ्यांनी रचला. पण मी हसत होतो, साडूंसमोर.

गेल्या गणपतीत त्यांच्याच घरी नातजावयाने ती नक्कल केली. माझ्यापेक्षा चांगली केली. हशा ओसरल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं की झारी जळत होती, मी पाहिली होती, आणि दोनदा खोटं बोललो.

कुणी विश्वास ठेवला नाही. नात म्हणाली, "आजोबा, कितने स्वीट हो तुम. बड़े आजोबांना वाचवताय." आमची ही म्हणाली, "काहीतरीच. यांना खोटं बोलता येतं का?" ताईंनी मोदकांचं ताट पुढे केलं. नऊ वर्षं हसून हसून जी गोष्ट इतकी गुळगुळीत झाली होती, तिच्यात माझी खरी बाजू शिरायला कुठे फटच उरली नव्हती. फक्त साडू हसले नव्हते. ते उठून ओसरीवर गेले. मी मागोमाग गेलो.

"त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी बोललो, ते माझं मी ठरवलं," ते म्हणाले. "त्याबद्दल तुमचं देणं नाही. पण पाहुणे गेल्यावर तुम्ही याल असं वाटलं होतं."

मी त्यांच्याशेजारी ओसरीच्या पायरीवर बसलो.

"पहिलं वर्षभर मला पक्कं ठाऊक होतं की तुम्ही 'विझली' म्हणालात. मग लोक इतकं सांगू लागले की मला वाटायला लागलं, मी विचारलंच नसेल. किंवा चष्म्यातून बघितलं असेल आणि दिसलं नसेल. माणसाला आपल्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही ना, की मग रस्ता ओलांडतानासुद्धा तो दुसऱ्याला विचारतो. मी विचारतो हल्ली."

हे वाचणाऱ्यांत आमच्या घरचे बरेच असतील. त्यांना स्पष्ट सांगतो. साडूंनी विचारलं होतं, दोन्ही वेळा, नाव घेऊन. त्यांच्या डोळ्यांचा यात काही दोष नाही. मी पाहिलं आणि खोटं सांगितलं. ती नक्कल यापुढे माझ्यासमोर कुणी करू नये. त्यांच्या मुलाला मी हेच वेगळ्या पत्राने कळवलं आहे. त्याचा फोन आला, तो म्हणाला की तो बाबांशी बोलेल. तो बोलला आहे.

लायसन्स मात्र या वयात परत मिळत नाही. मेळा भरतो त्या मोकळ्या मैदानात माझ्या मुलाच्या गाडीने एक फेरी मारा, असं मी सुचवलं तर म्हणाले, "कायदा मैदानातही असतो." माझं लायसन्स अजून चालू आहे, हा त्यातला वाईट विनोद. म्हणून दर गुरुवारी मी त्यांना सिटी सेंटरला दातांच्या डॉक्टरकडे नेतो. ते शेजारी बसतात. मला काही शिकवत नाहीत, काही विचारत नाहीत. मीच आपण होऊन सांगतो, समोर काय दिसतंय ते सगळं, ते ऐकत असोत वा नसोत.

मागच्या गुरुवारी परत येताना त्यांनी काच खाली केली. "हा पिंपळ इथे कधीपासून आहे?"

"आपल्या आधीपासून असेल."

"इतकी वर्षं मी याच रस्त्याने गाडी नेली. मला कसा दिसला नाही?"

"तुम्ही रस्ता बघत होतात."

त्यांनी मान हलवली. पुढे एका घराच्या गच्चीवर कुणी चादरी वाळत घातल्या होत्या, त्या ते मान वळवून बघत राहिले. मग म्हणाले, "जरा हळू घ्या. घरी जायची काही घाई नाही."

मी हळू घेतली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या.