बँडचं दिवाळं कुण्या कोर्टात

ह्यातल्या एका शब्दावर इस्वास ठेवून दाखव, मग म्हणीन तुला हिंमतवाली. मी स्वतः तिथं होते, तरी माझा बसत नाय.

बँडमधी किस्से लई साचतात. त्याचं कारण बत्ती. मी वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी. बत्ती असली की मान हलवायची नाय, बोलायचं नाय. क्लॅरिनेट ऐकत हळूहळू पाय टाकायचे, अर्धं जागं, अर्धं झोपेत. बोलता येत नाय म्हणून सगळं आत साचतं. मग तुझ्यासारखी कुणी चहाला आली की सांडतं.

*

आमचे मालक लक्ष्मणमास्तर. क्लॅरिनेट तोंडाला लागली की डोळे मिटले. शहागंजात एकदा वरात डावीकडं वळायची होती. मास्तर डोळे मिटून सरळ निघाले. घोडी आमचीच, जन्मभर त्या आवाजामागं चाललेली. ती नवरदेवाला घेऊन मास्तरच्या मागं. घोडीमागं बत्त्या, बत्त्यांमागं ढोल. वऱ्हाडी डावीकडं, आम्ही सरळ.

मला दिसत होतं सगळं. पण सांगायचं तर मान हलंल.

थांबलो ते दुसऱ्याच मांडवापाशी. तिथल्या बायका आरती घेऊन पुढं आल्या. नवरदेवाला ओवाळलं, पेढा भरवला, अन् मग एकीनं मुंडावळ्या बाजूला सारून बघितलं.

"अगं बया, हा आपला नाय!"

नवरदेव पेढा खातच म्हणला, "असू द्या, पेढा चांगलाय."

*

अशा माणसाला जावयानं कंपनी काढून दिली. म्हणला, "मामा, जालना रोडच्या हॉटेलवाल्यांना कंपनी लागती. नुसत्या बँडला कुणी विचारत नाय."

पेंटर बोलावला अन् ढोल, ट्रम्पेट, लाइटची गाडी, समद्यावर 'प्रा. लि.' काढलं. क्लॅरिनेटवर बारीक ब्रशनं. माझ्या बत्तीवर पण. मी पेंटरला म्हणलं, "माझ्या कपाळावर बी काढ बाबा, म्हंजे हरवले तर कुणीतरी घरी आणून सोडंल."

पुढं डीजे आला. त्याच्या धडधडीत क्लॅरिनेट कोण ऐकणार? लाइटच्या गाडीसाठी मास्तरनं पतसंस्थेकडून स्वतःच्या नावावर कर्ज घेतलं होतं, अन् जावयानं त्याला कंपनीची हमी देऊन ठिवली होती. ते काही फिटंना, तसे वसुलीवाले दारात आले. मास्तर म्हणले, "गाडी न्या, ढोल न्या. क्लॅरिनेट देणार नाय. ती गेली की मी कोण?"

आमच्या वकीलताई पडेगावच्या, काळा कोट नवाकोरा. त्या म्हणल्या, "मास्तर, नादारीचा अर्ज करू. माणसाचं दिवाळं निघालं तरी त्याच्या पोटापाण्याचं हत्यार कोर्ट काढून घेत नाही."

"मग करा की."

"करते. पण कुठल्या कोर्टात, ते आधी बघावं लागेल."

हितून आमची खरी वरात निघाली.

*

पहिल्या दिवशी जिल्हा कोर्टात गेलो. ताई म्हणल्या होत्या, चांगले कपडे घालून या. आमचे चांगले कपडे म्हंजे लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा. अन् कोट घातला की वाजप हातात आलंच. लोक विचारायले, "आज काय हाय?" मी म्हणलं, "जजसाहेबांची बदली रद्द झाली, त्याची वरात हाय." अर्धं आवार गोळा झालं.

लिंबाखाली नोटरीपाशी एक जोडपं उभं होतं. गळ्यात हार, सोबत कुणी नाय. पोरीचे डोळे भरलेले. मास्तरनं बघितलं, क्लॅरिनेट काढली अन् हळू वाजवायला लागले. ढोलवाले बाबूभाई नुसत्या बोटांनी ठेका धरायले. टायपिंगवाल्यांचे हात थांबले. लिंबाचा पाला सुद्धा हलंना, असं वाटलं मला. पोरीनं मास्तरच्या हातात एक नोट ठिवली.

तेवढ्यात ताई धावत आल्या. "अहो मास्तर, आपण दिवाळं काढायला आलोय!"

बाबूभाई म्हणले, "मॅडम, बोहनी तो होने दो."

*

अर्ज घेणाऱ्या साहेबानं ढोलावरचं 'प्रा. लि.' वाचलं अन् कागद परत सरकवला. "कंपनीचं दिवाळं इथं निघत नाही. मुंबईला जा, कंपन्यांच्या न्यायाधिकरणात."

ताई निघाल्या, मास्तर निघाले. मला म्हणले, "अक्का, तू बी चल. मोठ्या गावात बत्तीवाली सोबत असलेली बरी."

उंच इमारत, गार हवा, मऊ खुर्ची. मला डुलकी लागली अन् सपान पडलं. मोठमोठ्या कंपन्या टाय लावून रांगेत उभ्या, एकेक करून हौदात उतरायल्यात. काठावर एक शिपाई. लहान कुणी आलं की त्याला बखोटं धरून मागं काढायलाय.

जागी झाले तर खिडकीतली बाई ताईला तेच सांगायली होती. "मॅडम, कर्ज कंपनीचं नाही, यांचं स्वतःचं आहे. माणसाचा अर्ज माणसाच्या जिल्ह्यात. आणि कंपनीचा आणला असता, तरी एवढं लहान बुडणं आम्ही घेत नाही."

मास्तर लई खट्टू झाले. लिफ्टमधी म्हणले, "अक्का, आपल्याला धड बुडता बी येईना."

*

परत आलो तर बाबूभाईंनी बातमी आणली, कर्जाचं एक वेगळं न्यायाधिकरण आपल्याच गावात हाय. ताई नको म्हणत होत्या, तरी गेलो. दारातल्या माणसानं विचारलं, "तुम्ही बँकेकडून आलात का?"

मी म्हणलं, "दिसते का तशी?"

"मग इथं काय काम, आजी? इथं बँका येतात, आमचं बुडवलं म्हणून रडायला. बुडणारा स्वतः होऊन येत नाही."

"मग बुडणाऱ्यानं कुठं रडायचं?"

भला माणूस होता. आधी पाणी दिलं, मग म्हणला, "जिल्हा कोर्टात."

ताईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी पाणी जरा जास्तच येळ पीत बसले.

*

पुन्हा जिल्हा कोर्ट. या बारीला साध्या कपड्यात. ताईनं कर्जाचा कागद दाखवून अर्ज मास्तरच्या नावानं दाखल केला. जजसाहेबांनी विचारलं, "राहता कुठं, धंदा कुठं करता? त्यावर या कोर्टाची हद्द ठरेल."

"धंदा रस्त्यावर, साहेब."

"कुठल्या रस्त्यावर?"

"ज्याच्या घरी लगीन, त्याच्या."

पतसंस्थेचे वकील उठले. "साहेब, हे बीडला वाजवतात, जालन्याला वाजवतात. यांची हद्द धरायची कुठली?"

जजसाहेब म्हणले, "मास्तर, वरात संपल्यावर कुठं जाता?"

मास्तरनं डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणले, "घरी, साहेब. दौलताबादच्या रस्त्याला. येताना वाजवत नाय, नुसतं चालतो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. "मग हद्द इथलीच."

ताईनं माझा हात असा दाबला, की बांगडी वाकली.

*

राहिली क्लॅरिनेट. पुढच्या तारखेला ती टेबलावर ठेवलेली. पतसंस्थेच्या वकिलानं उचलून दाखवली. "साहेब, हे वाचा. 'प्रा. लि.' हे यांचं हत्यार नाही, कंपनीची वस्तू आहे. कंपनीनं हमी दिली आहे, तेव्हा ही आम्हाला मिळावी."

मास्तरचं तोंड उतरलं. ताई कागद चाळायल्या, चाळायल्या, काही सापडंना.

जजसाहेब म्हणले, "चालू आहे का ती?"

वकिलानं खरंच तोंडाला लावली अन् फुंकली. फुस्स. नुसता वारा.

मास्तर पुढं झाले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून नखाएवढी पातळ पत्ती. ती लावल्याबिगर क्लॅरिनेट बोलत नाय. अन् आमच्यात ज्याची पत्ती त्याच्याच जिभेची, बाप पोराला देत नाय. मास्तर म्हणले, "साहेब, नळीवर पेंटरनं काय बी लिव्हलं असंल. पत्ती माझी हाय. दुसऱ्याच्या तोंडाला जात नाय."

जजसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पतसंस्थेच्या वकिलाकडं वळून म्हणले, "वकीलसाहेब, मी कंपनीला समन्स काढतो. तिनं इथं उभं राहून वाजवून दाखवावी, आणि घेऊन जावी."

अन् मास्तर क्लॅरिनेट काखेत धरून कोर्टाच्या पायऱ्या उतरायला लागले, डोळे मिटून.

आता माझं तोंड काय बघतीस? ऊठ, जा घरी.