दुरुस्ती मंजूर होईपर्यंत

शाळेत ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द आला तेव्हा मी बाबांना अर्थ विचारला होता. ते स्टील प्लांटमधून ड्युटी करून नुकतेच आले होते. बूट काढता काढता म्हणाले, कायदा बदलायचा तर सभेत, हात वर करून. आणि तोवर जुनाच पाळायचा. परीक्षेत मी तेच लिहिलं. पुढे राज्यशास्त्रात पदवी घेतली, घरातली पहिलीच, तीही त्यांच्याच जोरावर. पण हा शब्द माणसाला किती दमवतो, ते बाबा निवृत्त झाल्यावर कळलं.

प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही मरोद्याच्या वस्तीतून रिसालीला राहायला आलो. मरोद्यातल्या आमच्या विहाराच्या मंडळाचा नियम होता की सभासद त्याच वस्तीत राहणारा हवा. नियम ठरला तेव्हा हात वर करणाऱ्यांत बाबाही होते. आता त्याच नियमानं ते बाहेर पडले. ज्या विहारासाठी सुट्टीच्या दिवशी विटा वाहिल्या, तिथलेच ते सभासद राहिले नाहीत. मंडळातली पोरं म्हणाली, काका, या की, तुम्हाला कोण अडवतं? बाबा म्हणाले, आधी दुरुस्ती करा.

मग दर रविवारी मी त्यांना गाडीवर घेऊन जायची. वंदनेला ते आत बसत. सभा सुरू झाली की उठून बाहेर पायरीवर येत. दुरुस्तीचा विषय निघे आणि कोरम भरत नसे. कोणी ड्युटीवर, कोणी रात्रपाळी करून झोपलेलं, कोणी नागपूरकडे लग्नाला. आई म्हणायची, ती पायरीच तुमच्या नावावर करून घ्या आता.

एकदा एकच माणूस कमी पडला. सचिव बाहेर येऊन म्हणाले, काका, तुम्ही आहातच, झाला कोरम. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

“मी मेंबर नाही, तर मले कावून मोजून राहिले?” बाबा म्हणाले.

सभा पुन्हा पुढे ढकलली. परतताना मी चिडून विचारलं, एकदा डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं? बाबा मागच्या सीटवरून म्हणाले,

“उद्या कोणाले काढाचं असलं, तवाही असेच डोळे झाकतीन.”

पुढच्या रविवारी सचिवांनी रात्रपाळीवरून सुटलेल्या एका सभासदाला थेट प्लांटच्या गेटवरून आणलं. तो पेंगत होता. वस्ती सोडलेले जुने सभासदही चालतील, अशी दुरुस्ती वाचून झाली, हात वर झाले. शेजाऱ्यानं कोपरानं ढोसलं तेव्हा त्याचाही झाला. बाबा दारातूनच म्हणाले, त्याला समजलं का, विचारा.

“समजलं, काका. आता आत या अन् मले झोपू द्या.”

बाबा आत आले. पुढचा विषय गळक्या छपराचा होता. त्यावर त्यांना बोलायचं होतं, घरून ठरवून आले होते. पण ते त्या सभासदाशेजारी भिंतीला टेकले, तिथंच त्यांचाही डोळा लागला, आणि छपराचं काय ठरलं ते दोघांनाही दारात बसलेल्या मलाच सांगावं लागलं.